आधी दाव्याचा नंबर, मग नक्कल



जोहे गावातल्या एखाद्या घरात जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो.
कोणी म्हणतं, "आजोबांच्या वेळी पेणच्या कोर्टात निकाल लागलाय."
पण कागद कुठाय?

कागद मागता येतो.
त्यासाठी आधी हवा दाव्याचा नंबर.
नंबर, आणि वर्ष.

नंबर आठवत नाही?
मग जमिनीचे जुने फेरफार काढा.
कोर्टाच्या हुकुमावरून नोंद झाली असेल,
तर दाव्याचा नंबर तिथे सापडू शकतो.

दावा अलीकडचा आहे?
मग मोबाइलवर ई-कोर्ट्स सेवेचं ॲप उघडा.
राज्य महाराष्ट्र, जिल्हा रायगड, न्यायालय पेण.
पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं.

नंबर मिळाला, की नकलेचा अर्ज करा.
दाव्याचा नंबर, वर्ष आणि पक्षकारांची नावं लिहा.
कोणता कागद हवा, तेही लिहा.
निकालपत्र, हुकूमनामा, की वाटणीचा नकाशा?
कोर्ट फी स्टॅम्प लावा.
तुम्ही स्वतः पक्षकार नसाल, तर कागद कशासाठी हवा, ते कारणही द्या.

नक्कल सहीशिक्क्याचीच मागा.
नुसत्या झेरॉक्सवर काम अडू शकतं.

अपील करायचंय?
नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत.
पण अर्जाला उशीर केलात, तर ते दिवस तुमचेच जातात.

आणखी एक.
निकाली दाव्यांतले काही कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात.
म्हणून चौकशी आजच करा.

लक्षात ठेवा, श्रोतेहो:
आधी दाव्याचा नंबर,
मग सहीशिक्क्याची नक्कल.