चार महिन्यांचा रविवार



या अहिल्यानगर शहराला घोडा परका नाही. इथून जवळच, भातवडीला, 1624 मध्ये मलिक अंबरच्या हलक्या घोडदळाने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा पराभव केला. आपल्या छावणीतल्या आर्मर्ड कोअरने घोडे सोडून रणगाडे धरले, तरी पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स ही नावं सोडली नाहीत. पण आज मी लढाईतल्या घोड्याबद्दल बोलणार नाही. वरातीची घोडी, टांग्याचा घोडा, बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळणारी घोडी, ही आज आपल्या जिल्ह्यातली घोडी आहेत आणि त्यांच्या एका दुखण्याबद्दल मला बोलायचं आहे. पशुवैद्य म्हणून सगळी नोकरी गुराढोरांत काढली, पण घोड्याचं हे दुखणं मला एका घोडीनेच नीट शिकवलं.

कार्तिकातली रात्र होती. तुळशीची लग्नं लागून गेली होती आणि पहिल्याच मुहूर्ताची वरात निघाली होती. वीस-पंचवीस मिनिटं घोडी वाजंत्रीपुढे नाचली आणि एकाएकी उभी राहिली. नवरदेवाला खाली उतरवलं. मी पोचलो तेव्हा तिच्या अंगावरून घामाच्या धारा चालल्या होत्या, नाकपुड्या फुललेल्या, मागचे पाय उचलत नव्हते. पुठ्ठ्यावर हात ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा वाटला. मालकाला वाटलं पोटशूळ आहे. पोट दुखणाऱ्या घोड्याला फिरवतात हे त्याने वाडवडिलांकडून ऐकलेलं, म्हणून दोघे जण पुढून ओढत होते आणि एक जण मागून ढकलत होता. तेवढ्यात तिने लघवी केली, काळ्या चहाच्या रंगाची. "रक्त पडलं, रक्त पडलं," असा एकच गलका झाला.

ते रक्त नव्हतं. फुटलेल्या स्नायूंतून बाहेर पडलेलं मायोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य मूत्रपिंडावाटे येत होतं. आपल्याकडे 'घोडं आखडलं' म्हणतात, ते हे. अशा वेळी घोड्याला चालवलं की उरलेले स्नायूही फुटतात आणि ते द्रव्य मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मी आधी ओढाओढ थांबवली. खोगीर उतरवलं, अंगावर घोंगडी टाकली, पाण्याची बादली पुढे ठेवली. रात्रभर सलाइन चालू होतं. वेदनेचं इंजेक्शन मी हात राखूनच दिलं. अंगातलं पाणी आटलेल्या घोड्याला ती औषधं मूत्रपिंडावर घाव घालतात. पहाटे लघवीचा रंग फिकट झाला, तेव्हा कुठे मी बसलो.

सकाळी मालकाला विचारलं, भाऊ, चातुर्मासात हिला काय खायला होतं? तो अभिमानाने म्हणाला, "डॉक्टरसाहेब, धंदा बंद होता, पण चंदीत एक मूठ कमी केली नाही. रोज दोन किलो हरभरा, वर गूळ. पावसापाण्यात बाहेरसुद्धा काढली नाही, सावलीत बांधून ठेवली." या माणसाने घोडीवर पोटच्या पोरीसारखी माया केली होती आणि त्या मायेनेच तिला पाडलं होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही घोडेमालकावर रागावलो नाही.

विलायतेत या दुखण्याला सोमवारचा रोग म्हणत. तिकडचे गाड्यांचे अवजड घोडे आठवडाभर राबायचे, रविवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशीही दाणा पुरा मिळायचा आणि सोमवारी जू मानेवर पडलं की घोडा आखडायचा. आपल्याकडे वरातीच्या घोडीचा रविवार आषाढी एकादशीला सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत संपत नाही. चार महिन्यांचा रविवार, आणि त्यानंतरचा सोमवार रात्रीचा, गर्दीतला, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजातला.

असं का होतं? दाण्यातला स्टार्च पचला की त्याची साखर होते आणि ती स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते. काम असेल तर हे इंधन जळतं. काम नसेल तर कोठार भरत राहतं आणि चरबी जाळण्याची स्नायूंची सवय मोडते. पूर्वी सगळा दोष लॅक्टिक आम्लाला देत. पुढे रक्ततपासण्या होऊ लागल्या तसा तो समज मागे पडला. काही घोड्यांत हा दोष जन्माचा असतो. अमेरिकेत स्टेफनी वॅलबर्ग यांनी 1992 मध्ये क्वार्टर हॉर्स जातीत स्नायूंमध्ये विचित्र साखर साठण्याचा विकार दाखवला आणि 2008 मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला. या बदलामुळे ग्लायकोजेन बनवणारं विकर सतत जागं राहतं. शर्यतीच्या थरोब्रेडमध्ये कारण वेगळं, तिथे स्नायूंतल्या कॅल्शियमची ये-जा बिघडते आणि बुजऱ्या, तापट घोड्या जास्त सापडतात. कारणं वेगळी असली तरी रोजचा उपाय बहुतेक सारखाच निघतो: तोबरा हलका आणि पाय चालते.

हे दोन्ही एकत्र हवं, यावर माझा सगळा जोर आहे. नुसता दाणा कमी केला आणि घोडा बांधून ठेवला, तर फरक थोडाच पडतो. जळायला चरबी पुरवली तरी ती जाळायला स्नायू शिकतात ते रोजच्या चालीनेच.

त्या घोडीचं आम्ही काय केलं ते सांगतो. दाणा आणि गूळ बंद. तिचं वजन 300 किलोच्या आसपास, म्हणून दिवसाला साडेचार ते सहा किलो सुकी वैरण, गवत आणि कडबा, थोडी थोडी करून दिवसभर. कडबा फार गोड लागला तर गार पाण्यात अर्धा-एक तास भिजवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, साखर पाण्यात जाते. ताकदीसाठी तेल: पहिल्या दिवशी पाव वाटी आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत एक-दीड वाटी. तेल वाढवलं की ई जीवनसत्त्वही द्यावं लागतं. मीठ रोज. दाणा कमी करणं सोडलं, तर खाद्यातला कुठलाही बदल एका दिवसात करायचा नाही, आठ-दहा दिवस घ्यायचे. अंग मोकळं झाल्यावर तिला आधी कुंपणात सोडली, मग हाताने चालवली, सुरुवातीला पाच मिनिटं आणि दर दिवशी दोन मिनिटं जास्त. रक्तातलं सीके नावाचं विकर खाली आल्याची खात्री करूनच पाठीवर माणूस बसवला. आणि सुट्टी नाही. एक दिवसही नाही. मालकाला सगळ्यात अवघड हेच गेलं, कारण घोड्याला सुट्टी देणं म्हणजे त्याच्यावर दया करणं, असं आपल्याला वाटतं.

हे सगळं लिहून देताना मला आपल्या धनगरांचे वाडे आठवत होते. पारनेर-संगमनेरच्या माळांवरून मेंढरं घेऊन निघालेला वाडा तुम्ही पाहिला असेल. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं, वर कोकरं आणि कोंबड्या, बाजूने बाई चालते आहे. ते घोडं रोज चालतं, वाटेत मिळेल ते गवत खातं, दाणा त्याला सणासुदीला. भीमाकाठची ही भीमथडी जात, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, याच धनगर समाजात जन्मलेल्या. मी चिठ्ठीवर जो आहार आणि व्यायाम लिहितो, तो ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. मला त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटत नाही.

बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठली, 2023 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा कायम ठेवला, आणि शर्यतीच्या घाटात पुन्हा घोड्या पळू लागल्या. घाटातल्या घोडीचीही गत वरातीच्या घोडीसारखीच होते. आठवडाभर दावणीला, पोटात अंडी-दूध-हरभरा, आणि यात्रेच्या दिवशी थंड अंगाने एकदम भरधाव. बारी लागण्याआधी अर्धा तास तिला पायी फिरवून अंग गरम करा आणि पळून आल्यावर लगेच टेंपोत चढवू नका.

सभागृहात मला चार-पाच घोडेमालक दिसतात, तुमच्याशी बोलून मी थांबतो. वर्षभराची चंदी एकाच मापाने मोजू नका. ज्या दिवशी घोडी कामाला जाणार नाही, त्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा. आठवडाभर काम नसेल तर बंद करा. आषाढी एकादशीला तिला दावणीला बांधाल, तेव्हा एक काम नेमून घ्या: रोज सकाळी घरातल्या कुणीतरी तिला तासभर पायी फिरवून आणायचं, पाऊस असो वा नसो. कार्तिकात ती तुमच्या दारातून स्वतःच्या पायांनी वरातीला निघेल. आणि कधी आखडलीच, तर ओढू नका. उभी राहू द्या, पाणी ठेवा, डॉक्टरला बोलवा.