राजपुत्र, राक्षस आणि मास्तर

ज्यानें उभा जन्म मुलांना ‘हें वाचूं नका, तें वाचा’ असें बजावण्यांत घालविला, त्यानेंच आज मुलांच्या अद्भुत कथांची बाजू मांडावी, हें आपणांस थोडें विचित्र वाटेल. मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. वस्ती कन्हान नदीच्या कांठीं, मौद्यास. पांडित्य माझ्यापाशीं नाहीं. एक कबुली मात्र आहे, आणि तिच्यापासूनच आरंभ करितों.

गोष्ट १९९० च्या सुमाराची, फेब्रुवारी महिन्यांतली. सातवीच्या वर्गांत मी अपूर्णांक शिकवीत होतों. मागच्या बाकावरील एक मुलगा गणिताच्या पुस्तकाआड ‘चांदोबा’ मासिक वाचीत होता. मीं तो अंक हिसकावून घेतला, कपाटांत टाकला आणि म्हटलें, “राक्षस आणि जादूगार तुला पोट भरावयास शिकविणार आहेत काय?” वर्ग हंसला. अंक वाचनालयाचा आहे हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत कपाटास वाळवी लागली, तींत अंक गेला. भरपाईचे पैसे घरीं मागण्याची त्याची सोय नव्हती. धानाच्या रोवणीस चार दिवस जाऊन त्यानें ते फेडले, आणि पुन्हां वाचनालयाची पायरी म्हणून तो चढला नाहीं.

हें मला कळलें तें फार उशिरां. तो आपल्या मुलीचें नांव शाळेंत घालावयास आला, तेव्हां हंसत हंसत त्यानेंच सांगितलें. जातांना विचारलें, “गुरुजी, त्या मांत्रिकाचं पुढं काय झालं हो? तुम्ही तरी वाचलं असेल.”

मीं वाचलें नव्हतें. न वाचतांच निकाल दिला होता.

त्यानंतर मीं जुने अंक मिळवून वाचावयास घेतले. हें मासिक प्रथम जुलै १९४७ मध्यें मद्रासेहून ‘चंदामामा’ ह्या नांवानें तेलुगू व तमिळ भाषांत निघालें. बी. नागिरेड्डी आणि चक्रपाणि हे त्याचे संस्थापक. १९५२ मध्यें तें मराठींत ‘चांदोबा’ होऊन आलें. विक्रम-वेताळाचें शंकर ह्यांनीं काढलेलें चित्र ज्यास आठवत नाहीं, असा माझ्या पिढीचा वाचक विरळा. त्यांतील साहसमालिका दासरी सुब्रह्मण्यम् ह्या तेलुगू लेखकाच्या. एकीचें मूळ नांवच ‘कंचुकोट’, म्हणजे काशाचा किल्ला. किल्ले, मायावी अरण्यें, दुष्ट मांत्रिक, आणि त्यांच्याशीं झुंजणारे मिसरूड न फुटलेले तरुण, हा त्यांचा संसार. सुमारें २०१३ पासून तें मासिक बंद आहे.

परंतु हा संसार कांहीं मद्रासेहून प्रथम आपल्याकडे आला असें नव्हे. ह्या कथांची गंगोत्री परंपरेनें आपल्याच गोदाकांठीं, प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथें दाखविली आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें ‘कथासरित्सागर’ रचिला. त्यांत आख्यायिका आहे ती अशी. गुणाढ्यानें पैशाची भाषेंत, स्वतःच्या रक्तानें, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. सातवाहन राजानें ती भाषा हीन म्हणून ग्रंथ परत धाडिला. तेव्हां गुणाढ्य अरण्यांत अग्नि पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी व जाळी. पशु चरणें विसरून ऐकत राहिले. राजास हें समजून तो धांवत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते, एक लक्षच उरले.

श्रोतेहो, त्या राजाचा अपराध आणि कपाट बंद करणाऱ्या मास्तराचा अपराध ह्यांत फार अंतर नाहीं. दोघांनींहि आंत काय आहे तें न पाहतां बाहेरूनच ग्रंथ नाकारला.

आतां एक आक्षेप राहतो, आणि तो खरा वजनदार आहे. ‘आमच्या गांवोगांवीं अद्याप तापानें फणफणलेलें मूल दवाखान्याऐवजीं मांत्रिकाकडे नेतात. अशा समाजांत मुलांच्या हातीं जादूच्या गोष्टी द्याव्या काय?’ महाराष्ट्रास नरबळी व जादूटोणा ह्यांविरुद्ध २०१३ मध्यें कायदा करावा लागला, ही कांहीं अभिमानाची गोष्ट नव्हे. मीहि हाच आक्षेप घेत असें.

परंतु वेताळकथेचा मूळ सांगाडा पाहा. एक भिक्षु राजास फळांतून रत्नें देऊन वश करितो आणि स्मशानांतून प्रेत आणावयास पाठवितो. शेवटीं वेताळच राजास सावध करितो, ‘हा तुझाच बळी देणार आहे.’ राजा भोंदूचा कावा ओळखून त्याचाच अंत करितो. म्हणजे ही कथा नरबळी देणाऱ्याची फजिती सांगते! मधल्या प्रत्येक कथेच्या अखेरीस जादू बाजूला राहते आणि न्यायाचा प्रश्न पुढें येतो. राजास मंत्रानें सुटतां येत नाहीं. कारण देऊन उत्तर द्यावें लागतें. गांवचा मांत्रिक भीति घालून प्रश्न बंद पाडतो, गोष्टींतला वेताळ मात्र प्रश्न विचारतो. हा भेद मुलांना आपोआप कळतो. न कळल्यास तो समजावून देणें, हेंच आम्हां वडीलधाऱ्यांचें काम.

मौद्याच्या उत्तरेस, रामटेकच्या अलीकडे, नगरधनचा किल्ला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असें विद्वान मानतात. तेथें राणी प्रभावतीगुप्ता हिनें आपल्या अल्पवयी पुत्रांसाठीं राज्यकारभार संभाळला. २०१५ ते २०१८ ह्या काळांतील उत्खननांत तिच्या नांवाची मृण्मुद्राहि सांपडली. माझ्या सहलींत तेथें सनावळीची वही उघडणारीं मुलें थोडीं निघालीं. ‘गुरुजी, भुयार कुठं आहे?’ असें विचारणारीं मात्र पुष्कळ होतीं. आणि पुढें इतिहासहि त्यांनींच आवडीनें वाचला.

म्हणून गृहस्थ हो, गृहिणी हो, घरांतील मूल राजपुत्राच्या घोड्यावर बसून दूर गेलेलें दिसलें, तर त्याचें पुस्तक ओढूं नका. जेवणाची हांक फार तर दोनदां मारा. आणि रात्रीं त्याच्यापाशीं बसून विचारा, ‘पुढें काय झालें?’

माझ्या त्या विद्यार्थ्यास तो हरवलेला अंक मीं अजून मिळवून देऊं शकलों नाहीं. शोध चालू आहे.