महाधमनीचा फुगवटा आणि जांघेतून जाणारी वाट



हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. पोटात तिची रुंदी साधारणतः २ सेंटिमीटर असते. भिंत दुबळी होऊन ती ३ सेंटिमीटर वा अधिक झाली, की तिला धमनीविस्फार म्हणतात. डॉक्टर मंडळी अॅन्युरिझम म्हणतात. हा विस्फार बहुधा दुखत नाही. अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अवचित दिसतो. फुटला, तर मात्र बहुसंख्य रुग्ण दगावतात. अल्बर्ट आइन्स्टाइन १९५५ साली याच विकाराने गेले. त्यापूर्वी १९४८ मध्ये रुडॉल्फ निसन यांनी त्यांच्या धमनीभोवती सेलोफेनचे वेष्टन घातले होते. त्या काळी याहून फारसे काही करता येत नसे!

१९५१ मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबोस्ट यांनी पोट उघडून फुगलेला भाग काढला व तेथे मृत दात्याची धमनी जोडली. पुढे कृत्रिम धाग्यांच्या नळ्या आल्या. शस्त्रक्रिया खात्रीची खरी. पण तीत महाधमनी काही काळ चिमट्याने बंद ठेवावी लागते, आणि हा विकार जडतो तो बहुधा साठी ओलांडलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना. त्यांचे हृदय व फुप्फुसे हा ताण सोसतीलच असे नाही.

ब्यूनस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी ७ सप्टेंबर १९९० रोजी वेगळी वाट चोखाळली. जांघेतील धमनीतून मिटलेली नळी आत घालायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत वर सरकवायची आणि फुगवट्याच्या वरच्या निरोगी भागात उघडून घट्ट बसवायची. रक्त नव्या नळीतून वाहू लागते, फुगलेल्या भिंतीवरचा दाब ओसरतो. गळक्या पाइपात आतून दुसरा पाइप बसवावा, तसेच हे. रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. मात्र मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली नळी टेकण्यापुरती निरोगी जागा हवी. लहान विस्फारावर केवळ नजर ठेवतात, पुरुषांत ५.५ सेंटिमीटरला उपचाराचा विचार होतो.

‘पोट न फाडता उपचार’ एवढेच सांगितले, तर ते अर्धसत्य ठरेल. ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात पहिल्या महिन्यातील मृत्यू या पद्धतीत स्पष्टपणे कमी आढळले. आठ वर्षांनंतर मात्र पारडे उलट झुकले. नळी सरकते, कडेने रक्त पाझरते, फुगवटा पुन्हा वाढतो. म्हणून आयुष्यभर ठरावीक काळाने तपासणी अटळ असते. ज्याला त्यासाठी दरवर्षी शहर गाठणे जमणार नाही आणि ज्याची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया सोसू शकते, त्याला जुनीच पद्धत सुचविण्यात मला संकोच वाटत नाही.