खाती अनेक, माणूस एक



आजचा विषय या व्यासपीठाला थोडा नवखा आहे, म्हणून आधी तो नीट मांडतो. इंटरनेटवर असे खेळ आहेत, ज्यांत हजारो माणसं एकाच वेळी एका काल्पनिक जगात उतरतात. तिथे ती व्यापार करतात, लढतात, संघ बांधतात आणि या प्रवेशासाठी कंपनीला दरमहा वर्गणी देतात. एका वर्गणीला एक खातं मिळतं. आपल्याकडची मुलं त्याला आयडी म्हणतात. काही खेळाडू मात्र एकटेच दोन, पाच, क्वचित दहा खात्यांची वर्गणी भरतात, संगणकावर तेवढ्या खिडक्या उघडतात आणि त्या जगात तेवढी माणसं होऊन वावरतात. याला मल्टिबॉक्सिंग म्हणतात. ही लबाडी नव्हे. ईव्ह ऑनलाइन किंवा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळांच्या नियमांत एका माणसाने अनेक खाती ठेवणं बसतं. तरीही या व्यवहारात एक मोठी खोट आहे, असं मला वाटतं. अशा जगाची सगळी किंमत तिथल्या इतर माणसांमुळे असते. त्या माणसांची गरजच उरू नये, अशी सोय कंपनी विकू लागली, की ती आपल्याच मालाचं मोल कमी करते. आणि यात दोष वर्गणी भरणाऱ्याचा कमी, ती भरायला लावणाऱ्या रचनेचा जास्त आहे.

या जगांच्या मुळाशी परस्परावलंबन आहे. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' नावाचा खेळ रचायला घेतला. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता मजकूर होता. पण त्याच खोलीत, त्याच वाटेवर दुसरा माणूस भेटायचा, आणि एवढ्याने तो एकट्याने खेळायच्या संगणकीय खेळांहून वेगळा ठरला. 1999 च्या मार्चमध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टने ही गरज नियमांतच बसवली. वार अंगावर घेणारा एक, जखमा भरून काढणारा दुसरा, शत्रूला गुंगवून ठेवणारा तिसरा, असा सहा जणांचा गट तिथे बांधायचा असे. एकट्याला फार मजल मारता येत नसे. गटासाठी माणसं शोधताना ओळखी होत, भांडणं होत, विश्वास बसे. मात्र याच खेळात काहींनी दोन संगणक शेजारी शेजारी मांडून दोन खाती चालवायला सुरुवात केली. एक पात्र लढे, दुसरं मागे उभं राहून त्याच्या जखमा भरी. जखमा भरणाऱ्या माणसाची वाट पाहणं संपलं, आणि त्याच्याशी होणारी ओळखही.

हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी कंपनीच्या ईव्ह ऑनलाइनमध्ये. मे 2003 पासून चालू असलेला हा अंतराळातल्या जहाजांचा खेळ आहे. त्यातल्या प्रचंड युद्धनौकांना दूरच्या ताराप्रणालीत झेप घ्यायची, तर सहसा त्या ठिकाणी दुसऱ्या वैमानिकाने आधी 'सायनो' पेटवलेला असावा लागतो. हा एक प्रकारचा दिशादर्शक. तो पेटवणाऱ्याचं जहाज तेवढा वेळ जागचं हलू शकत नाही, आणि प्रणालीतल्या सगळ्यांना त्याचा ठावठिकाणा कळतो. म्हणजे कोणीतरी तुमच्यासाठी स्वतःचं जहाज धोक्यात घालायचं, आणि त्याने योग्य जागीच सायनो पेटवला आहे यावर तुम्ही विसंबायचं. दोन माणसांतल्या विश्वासाला नियमाचं रूप देणारी ही सुरेख कल्पना आहे. प्रत्यक्षात मात्र सायनो पेटवण्यासाठी वेगळं खातं बाळगणं ही त्या खेळातली अगदी सर्रास गोष्ट झाली. अशा खात्याला 'सायनो ऑल्ट' हा शब्द तिथे रुळला. पुढच्या प्रणालीत शत्रू आहे का हे पाहायला एक खातं, माल वाहायला दुसरं, सायनोला तिसरं. विश्वास ठेवण्याची वेळच येऊ नये म्हणून लोक पैसे भरू लागले.

कंपनीला हे कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. ईव्हमध्ये पात्राची कौशल्यं खऱ्या घड्याळाप्रमाणे वाढतात. एका खात्यावर तीन पात्रं ठेवता येतात, पण मूळ वर्गणीत एका वेळी एकच शिकतं आणि एकच खेळात उतरतं. त्यामुळे दुसऱ्या खात्याची गरज रचनेतूनच उगवते. त्यावर 'पॉवर ऑफ टू' नावाची योजना काढून कंपनीने जुन्या खातेदारांना दुसरं खातं सवलतीत देऊ केलं. नोव्हेंबर 2016 मध्ये खेळाचा मर्यादित भाग फुकट खुला झाला, तेव्हा एक अट घातली गेली: फुकट खातं दुसऱ्या कोणत्याही खात्यासोबत एकाच वेळी चालवता येणार नाही. एकाच क्षणी दोन ठिकाणी हजर असणं हीच विकण्याजोगी वस्तू आहे, हे कंपनीने या अटीतून स्वतःच मान्य केलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं उदाहरण तर अधिकच बोलकं आहे. ब्लिझार्ड कंपनीने 2008 मध्ये मित्राला खेळात आणण्याची योजना काढली. मित्रासोबत खेळलात, तर दोघांची पात्रं तिप्पट वेगाने वाढत, वर झेब्र्यासारखं एक खास वाहन मिळे. अनेकांनी यासाठी स्वतःच दुसरं खातं उघडलं आणि ते मित्र म्हणून जोडलं. मैत्रीला लावलेलं बक्षीस माणूस एकट्याने जिंकू शकला, कारण कंपनीचं मोजमाप फक्त खातं ओळखत होतं.

या मोजमापाचा परिणाम किती दूर जातो, ते समजायला आपल्या सहकार कायद्याकडे पाहावं. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात एका सभासदाला एकच मत आहे, मग त्याच्या नावावर भाग कितीही असोत. भागभांडवली कंपनीत जितके समभाग तितकी मतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो एकीला दुसरीचं नाव दिल्यावर. ईव्हमध्ये 2008 पासून खेळाडूंचे प्रतिनिधी निवडले जातात. त्यांचं मंडळ कंपनीपुढे खेळाडूंचं म्हणणं मांडतं. पण मतदान खात्यामागे एक असं चालतं. पाच वर्गण्या भरणाऱ्याचं म्हणणं पाचपट जड होतं, आणि तरी मंडळ खेळाडूंचंच म्हणवतं. हीच गत लोकसंख्येच्या आकड्यांची. 5 मे 2013 रोजी ईव्हमध्ये एकाच वेळी 65,303 खाती जोडलेली होती. 2014 च्या जानेवारीत बी-आर5आरबी या प्रणालीतल्या गाजलेल्या लढाईत 'टायटन' या सर्वांत मोठ्या जातीच्या 75 नौका नष्ट झाल्या, आणि साडेसात हजारांहून अधिक पात्रांनी तिच्यात भाग घेतल्याची नोंद झाली. हे आकडे खोटे नाहीत, पण ते पात्रांचे आहेत, आणि बाहेर सांगताना ते सहज माणसांचे होऊन जातात. ज्या नवख्याला हजारो माणसांच्या सहवासाचं आमिष दाखवून आत बोलावलं जातं, त्याला आपण किती माणसांत आलो आहोत हे कळायचा हक्क आहे.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. पैसा ज्याचा त्याचा, दुकान सगळ्यांना उघडं, मग अन्याय कुठला? ईव्हमध्ये तर खेळातल्या कमाईतून वर्गणी भरायचीही वाट आहे. 2008 पासून 'प्लेक्स' नावाची वस्तू कंपनीकडून पैशाने घेता येते आणि खेळातल्या चलनाला विकता येते. घेणारा ती वर्गणी म्हणून वापरतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही, वेळ आहे, तोही चार खाती चालवू शकतो. हा युक्तिवाद वजनदार आहे, पण तो वाटणीच्या न्यायापुरताच पुरतो. माझी तक्रार श्रीमंताला जास्त मिळतं ही नाहीच. सगळ्यांनी पाच-पाच खाती घेतली, तर कोणावरही अन्याय होणार नाही, पण कोणाला कोणाची गरजही उरणार नाही. शिवाय एकाने दुसरं खातं घेतलं, की बरोबरीने टिकण्यासाठी त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही ते घ्यावंसं वाटतं. 2022 च्या मे महिन्यात ईव्हची मासिक वर्गणी 14.99 वरून 19.99 डॉलर झाली. या दराने पाच खात्यांचा महिना शंभर डॉलरच्या घरात जातो. इतरांनी भरलेल्या वर्गणीमुळे जी वर्गणी भरावी लागते, तिला निव्वळ स्वखुशीची म्हणणं कठीण आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक प्रामाणिक वाटतो. नोकरी, घर, लहान मुलं सांभाळून रात्री तासभर मोकळा मिळणाऱ्या माणसाने सोबत्यांची वाट पाहत तो तास घालवायचा का? त्याला दुसरं खातं म्हणजे चैन वाटत नाही. ते असेल तरच त्याचा खेळ होतो. ही अडचण खरी आहे आणि तिची हेटाळणी करू नये. पण ती दूर करायला दुसरी वर्गणी लागत नाही, हे इतर खेळांनी दाखवून दिलं आहे. 2005 मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्समध्ये मासिक वर्गणीच नव्हती, आणि माणसं कमी पडली तर संगणकाने चालवलेले भाडोत्री सोबती गटात घेता येत. फायनल फँटसी फोर्टीनने 2019 मध्ये कथेतल्याच पात्रांना सोबत घेऊन मोहिमा पुऱ्या करण्याची सोय दिली. अशा सोबत्याला मत नसतं, तो लोकसंख्येत मोजला जात नाही, बाजारात माल विकत नाही, आणि कोणी माणूस असल्याचा भास निर्माण करत नाही. एकट्याची अडचण सोडवायची इच्छा असेल, तर वाट मोकळी आहे. तीच अडचण जास्तीच्या वर्गणीवर सोडवायची ठरवली, तर अडचण टिकवून ठेवण्यात कंपनीचा फायदा गुंततो.

तिसरा आक्षेप कौशल्याचा. पाच जहाजं एका माणसाने सांभाळणं ही सोपी गोष्ट नव्हे, तिचं कौतुक व्हावं, असं मल्टिबॉक्सिंग करणारे म्हणतात. कंपन्यांनीही कौशल्य आणि यंत्र यांच्यात रेघ ओढली. एकदा कळ दाबली की ती आज्ञा सगळ्या खिडक्यांत पोहोचवणारी सॉफ्टवेअरं होती. ईव्हने 1 जानेवारी 2015 पासून त्यांवर बंदी आणली, ब्लिझार्डने नोव्हेंबर 2020 मध्ये. दोन्ही निर्णय योग्यच होते, कारण एका बोटाने हलणारी फौज बाजार आणि रणांगण दोन्ही बिघडवत होती. पण दोघांनीही खात्यांच्या संख्येला हात लावला नाही. हाताने जितकी चालवाल तितकी खाती चालवा, वर्गणी प्रत्येकाची भरा, एवढाच याचा अर्थ. अनेक खाती हाताळण्याचं कसब मी नाकारत नाही. पण माणसांनी एकमेकांशी जमवून घेण्याचं कसब हे या खेळांचं खरं वैशिष्ट्य आहे, आणि पहिलं कसब दुसऱ्याची जागा घेत असेल, तर कशाची पाठराखण करायची हे खेळ रचणाऱ्याने ठरवायला हवं.

शेवटचा आक्षेप अंमलबजावणीचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. एका घरातले दोन भाऊ आणि दोन खाती चालवणारा एकटा, यांतला फरक कंपनीने ओळखायचा कसा? एव्हरक्वेस्टच्या फिनिजल या सर्व्हरवर 2015 च्या डिसेंबरपासून एका संगणकावर एकच खातं हा नियम होता. पण जुने तीन लॅपटॉप ज्याच्याकडे आहेत, त्याला तो अडवत नाही. मग ओळखपत्रच मागा, असं कोणी सुचवेल. दक्षिण कोरियात खेळांची खाती नागरिकांच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेली होती. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये नेक्सॉन कंपनीच्या मेपलस्टोरी या खेळाच्या 1 कोटी 32 लाख वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली. करमणुकीच्या नियमासाठी एवढी जोखीम घेणं मला मुळीच मान्य नाही. म्हणून सरसकट बंदी मी मागत नाही. जी पोलिसी पहाऱ्याशिवाय पाळता येत नाही, अशी बंदी प्रामाणिक माणसालाच जाचते.

मग मागायचं काय? ज्या ज्या कामाला दुसरं खातं लागतं, त्याची मुळं खेळाच्या रचनेत असतात, आणि रचना बदलणं कंपनीच्या हातात आहे. एका खात्यावरची सगळी पात्रं एकाच वर्गणीत शिकू द्यावीत. सायनो पेटवण्यासारखं काम अनोळखी खेळाडूकडून मोबदला देऊन, खात्रीने करून घेता येईल असा करार खेळातच असावा, म्हणजे तो धंदा माणसांना मिळेल. प्रतिनिधींच्या निवडणुकीत एकाच माणसाने जोडलेल्या खात्यांना मिळून एक मत असावं. काही जण खाती लपवतील, पण निदान नियम कोणत्या बाजूला आहे हे स्पष्ट होईल. आणि गर्दीचे आकडे खात्यांचे आहेत असं उघड सांगावं. यात उत्पन्न बुडेल, आणि उत्पन्न बुडालं तर ते जगच बंद पडेल, ही भीती मी हलकी मानत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ एक जग चालू ठेवायला पैसा लागतो. पण दहा खाती चालवणारा एक माणूस कंटाळून निघून गेला, तर दहा वर्गण्या एकदम जातात. दहा माणसं एकमेकांत गुंतलेली असली, तर ती सहसा एकमेकांना धरून राहतात. दीर्घ मुदतीत कोणती मिळकत भक्कम, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

आपल्या देशात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांची बाजी लावायचे खेळ बंद केले आणि वर्गणी देऊन खेळायच्या खेळांना वाव ठेवला. म्हणजे वर्गणीचे खेळ इथेही वाढू शकतात, आणि आपली मुलं ते खेळतील. त्यांना तो वेळ वाया गेला असं सांगत बसण्यापेक्षा, आपण वर्गणी नेमकी कशाची भरतो हे विचारायला शिकवणं मोलाचं आहे. प्रवेशाचं मूल्य जरूर घ्यावं, चांगलं घ्यावं. पण एकदा आत गेल्यावर माणूस एकच मोजला जावा, आणि त्याला उरलेल्या कामासाठी दुसऱ्या माणसाकडे जावं लागावं. ज्या जगाची रचना हे जपते, त्याच्या वर्गणीतून सहवास मिळतो. आणि जे हे जपत नाही, त्याला माणसांचं जग म्हणवून घेण्याचा अधिकार आपण देऊ नये.