लेक वयात येताना



रविवारी तिसरी-चौथीतल्या लेकीला न्हाऊ घालताना आईच्या हाताला तिच्या छातीवर बारीकशी गाठ लागते. बऱ्याचदा एकाच बाजूला. ‘दुखतंय गं’ म्हणून पोरगी हात झटकते आणि आईच्या पोटात गोळा येतो. एखादी घाबरून थेट कर्करोगापर्यंत पोचते, तर एखादी मार लागला असेल म्हणून तेल चोळते. या वयात अशी गाठ बहुतेक वेळा वयात येण्याची पहिली खूण असते. दुसऱ्या बाजूलाही ती काही महिन्यांत दिसू लागते. ती दाबू नये, चोळू नये.

आपल्याकडे वयात येणं म्हणजे न्हाण येणं, असंच धरलं जातं. पूर्वी पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवत. त्यामुळे पाळी येईपर्यंत आपल्याला ती लहानच वाटते. शरीराचा क्रम मात्र वेगळा आहे. साधारणपणे आधी छातीची वाढ, मग जांघेत आणि काखेत केस, त्याच सुमारास भराभर वाढणारी उंची, आणि पाळी सगळ्यात शेवटी. पहिल्या खुणेपासून पाळीपर्यंत साधारण दोन ते अडीच वर्षं जातात. ही वर्षं आईला तयारीसाठी मिळालेली असतात.

ही पहिली खूण 8 ते 13 या वयात कधीही दिसली तरी ते नैसर्गिकच. 8 वर्षं पूर्ण होण्याआधी दिसली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. लवकर वयात येणाऱ्या मुलीची उंची आधी झपाट्याने वाढते. ‘पोरगी आईला लागली’ म्हणून घरचे कौतुक करतात. पण हाडं लवकर पक्की होऊन वाढ लवकर थांबते, आणि वर्गात सगळ्यांत उंच असलेली मुलगी पुढे बुटकी राहू शकते. डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, रक्त तपासतात, गरज वाटल्यास मेंदूचं स्कॅनिंग सांगतात. बहुतेक मुलींमध्ये गंभीर कारण सापडत नाही. काहींना महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ही प्रक्रिया थोपवता येते. इंजेक्शन बंद केलं की ती पुन्हा सुरू होते. डोकेदुखी, नजरेची तक्रार किंवा लहान वयात रक्तस्राव असेल, तर अजिबात थांबू नये.

‘हे सगळं ब्रॉयलर कोंबडीमुळे’ असं आपल्या कोल्हापुरात हमखास ऐकू येतं. ब्रॉयलर कोंबडी लवकर वाढते ती निवडलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे, हार्मोनच्या इंजेक्शनांमुळे नव्हे. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या गावानं दुधाचा पेलाही लेकीपुढून काढून घेऊ नये. लक्ष द्यायचं ते वजनाकडे. अंगावरची जादा चरबी आणि लवकर वयात येणं यांचा संबंध जगभर दिसला आहे. 2020 च्या टाळेबंदीनंतर इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्या डॉक्टरांनाही अशा मुली जास्त संख्येने आढळल्या. त्यामागे नेमकं काय होतं, यावर एकमत नाही. पण मैदानावरचा खेळ कुठल्याही मुलीला हिताचाच.

घरी एक साधी गोष्ट करा. दर तीन महिन्यांनी भिंतीवर लेकीची उंची खुणेनं मांडा आणि शेजारी तारीख लिहा. या वयात वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर वाढ नेहमीची. ती एकाएकी खूप वाढली, तर ती नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आणि मुख्य गोष्ट बोलण्याची. अंग वाढलं तरी मन तिसरीतल्या मुलीचंच असतं. ‘आता तू मोठी झालीस, दोरीउड्या पुरे’ असं म्हणू नका. आज्जींनीही नातीला चारचौघांत टोकू नये. सैलसर सुती कपडे द्या. ‘अशी गाठ मलाही आली होती, सगळ्याच मुलींना येते’ एवढं सांगितलं तरी तिची निम्मी भीती जाते. पाळी म्हणजे काय, शाळेत आली तर कुणाला सांगायचं, पॅड कसा वापरायचा, हे हळूहळू सांगा. आपल्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर ओरडायचं आणि घरी येऊन सांगायचं, हेही सांगा. वडिलांना हे ठाऊक असू द्या. आईच्या गैरहजेरीत लेकीला त्यांच्याकडे जाता आलं पाहिजे.

रक्ताचा पहिला डाग पाहून आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटून कितीतरी मुली एकट्याच रडत बसल्या आहेत. तुमच्या लेकीवर ती वेळ येऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.