जर्मन बोलायची, तर आधी कान तयार करा

ताई, मावशी, वहिनी आणि भाकरी थापता थापता रेडिओ लावून बसलेल्या सगळ्या पोरींनो, आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बचत गटाचा कार्यक्रम आणि विषय जर्मन भाषा! पण गेल्या वर्षभरात माझ्याकडच्या गटांमध्ये शेळीपालनाच्या खालोखाल विचारणा झाली ती याचीच. कुणाची लेक जीएनएम झालीय, कुणाचा मुलगा आयटीआय करून घरी बसलाय, आणि कुणीतरी सांगितलंय की जर्मनीत माणसं हवीत.

हे सांगणं खोटं नाही. 2022 च्या डिसेंबरात भारत आणि जर्मनी यांच्यात कामासाठी जाण्यायेण्याबद्दल करार झाला. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने जाहीर केलं की भारतातल्या कुशल कामगारांना वर्षाला 20,000 ऐवजी 90,000 व्हिसा देऊ. म्हणजे दार उघडं आहे. अडचण भाषेची आहे.

भाषेच्या सहा पायऱ्या आहेत. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. परिचारिका म्हणून तिकडे पूर्ण मान्यता हवी तर साधारणपणे बी-टू मागतात. आता हे बी-टू किती लांब आहे? जर्मन भाषेच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्था, जिला आपल्याकडे पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन म्हणतात, ती सांगते की बी-टूपर्यंत पोचायला 600 ते 800 तासिका लागतात, एक तासिका 45 मिनिटांची.

हा आकडा मी वहीत लिहून ठेवला, कारण आमच्या एका गटात कर्जाचा अर्ज आला होता. एका ताईंच्या मुलीसाठी. शहरातल्या एका क्लासने सांगितलं होतं, तीन महिन्यांत बी-टू, पैसे आगाऊ भरा. ताई गटातून कर्ज काढायला निघाल्या होत्या, कमी पडलं तर गळ्यातलं मोडायचीही तयारी होती. आम्ही बैठकीतच हिशेब मांडला. कमीत कमी 600 तासिका धरल्या तरी 27,000 मिनिटं, म्हणजे 450 तास. नव्वद दिवसांत बसवायचे तर रोज पाच तास, एकही सुट्टी न घेता. त्यात घरचा अभ्यास वेगळाच. क्लासवाल्यांना फोन लावून विचारलं, रोज किती वेळ शिकवता? उत्तर आलं, दीड तास. बैठकीत कुणी काही बोललं नाही. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "मग बाकीचं काय स्वप्नात शिकवणार?"

मुलीला नाही म्हणायचं नव्हतं. मुलगी हुशार आहे, तिला जायचं आहे. म्हणून गटाने ठरवलं की पहिले तीन महिने तिने फुकटचा ऑडिओ अभ्यासक्रम ऐकून रोज बोलायचं. नव्वद दिवस झाल्यावरही तिचं तोंड चालू असेल, तर गट क्लाससाठी आणि परीक्षेच्या फीसाठी टप्प्याटप्प्याने कर्ज देईल. मला विचाराल तर ज्या घरात हा प्रश्न आला आहे त्या प्रत्येक घराने असंच करावं. ऐकायला पैसे पडत नाहीत आणि मुलीला खरंच ही भाषा सोसवते का, हे तिचं तिलाच कळतं.

आता हे ऑडिओ अभ्यासक्रम असतात काय? आपल्या रेडिओसारखेच. डॉइच वेले ही जर्मनीची परदेशासाठीची प्रसारण संस्था 1953 पासून चालू आहे. तिने रेडिओसाठी केलेल्या एका मालिकेचं नाव 'डॉइच, वारूम निश्त?' म्हणजे 'जर्मन, का नाही?' चार भाग, प्रत्येकात 26 धडे, एक धडा सुमारे पंधरा मिनिटांचा. त्यात आंद्रेआस नावाचा पत्रकारितेचा विद्यार्थी हॉटेलात सामान उचलण्याचं काम करतो आणि त्याच्याबरोबर एक्स नावाची एक न दिसणारी छोटी परी असते. गोष्ट पुढे सरकते तसतशी भाषा कानात बसते. हे फुकट आहे. दुसरा प्रकार विकतचा, पिम्सलर पद्धतीचा. पॉल पिम्सलर हा अमेरिकन भाषाशिक्षक होता. 1967 साली त्याने मांडलं की नवा शब्द पाच सेकंदांनी परत विचारा, मग पंचवीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी, असं अंतर वाढवत न्या, म्हणजे तो विसरत नाही. धड्यात बाई विचारते, मधे थोडा वेळ गप्प राहते, तेवढ्यात तुम्ही मोठ्याने उत्तर द्यायचं.

ही गप्प राहण्याची जागाच सगळ्यात महत्त्वाची. पोरी काय करतात, इअरफोन घालून नुसत्या ऐकतात, मान डोलवतात आणि म्हणतात, झाला धडा. नुसतं ऐकून ओळख होते, तोंड उघडत नाही. आपल्या आज्यांना शेकडो ओव्या पाठ होत्या. अक्षरओळख नव्हती, पण त्या शेजारणीची ओवी ऐकून जात्यावर स्वतः म्हणत होत्या, रोज पहाटे.

बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीतून समजावतात. त्यामुळे आपल्या मुलींना वाटतं, आधीच इंग्रजी कच्चं, त्यात हे. इथे मला आनंदाने सांगायचंय की काही बाबतींत मराठी कान इंग्रजी कानापेक्षा जर्मनच्या जवळ आहे.

आकडे घ्या. सत्तेचाळीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो, मग चाळीस. इंग्रजीत उलटं, आधी चाळीस. जर्मनमध्ये 'ज़ीबन-उन्ट-फीर्त्सिश', सात-आणि-चाळीस, आपल्यासारखंच. फक्त आपलं एकोणतीस तिथे नाही, ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात. वेळ सांगताना तर गंमतच आहे. जर्मन माणूस अडीच वाजले म्हणायला 'हाल्प ड्राय' म्हणतो, म्हणजे 'अर्धा तीन'. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारीला ते साडेतीन वाटतं. रुग्णालयात अडीचचं औषध साडेतीनला गेलं तर काय होईल, हे नर्सिंग केलेल्या मुलीला सांगायला नको. आणि आपला अडीच हा शब्दही मुळात 'अर्धतृतीय' असाच आलेला आहे, अर्धा तिसरा. देह औट हाताचा म्हणतात ना कीर्तनात, ते औट म्हणजे साडेतीन, अर्धा चौथा. तेव्हा 'हाल्प ड्राय' ऐकलं की डोक्यात अडीच आणायचं आणि 'हाल्प फीर' ऐकलं की औट.

मग लिंगं. इंग्रजी शिकलेल्यांना जर्मनची तीन लिंगं जड जातात. आपल्याला तो, ती, ते लहानपणापासून आहे. त्यांचं 'डेर, डी, डास' तसंच. 'माइन किंट' म्हणजे माझं मूल, तेही नपुंसकलिंगीच. अर्थात प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही, सूर्य त्यांच्याकडे बाई आहे! मुलगी नपुंसकलिंगी आहे, 'डास मेडशन'. हसू नका, कोकणात मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच म्हणतात. म्हणून शब्द ऐकताना त्याच्या मागचं डेर, डी किंवा डास धरूनच म्हणायचं, सुटा शब्द पाठ करायचा नाही.

वाक्याची बांधणीही बघा. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तिथे आपल्याला सवय करावी लागते. पण 'कारण' म्हणून पुढे वाक्य जोडलं की क्रियापद शेवटी जातं. 'वाइल माइन किंट क्रांक इस्ट'. शब्दाला शब्द लावा. कारण माझं मूल आजारी आहे. तंतोतंत.

उच्चारात चाक आणि चूल यांतला च चिमणीतल्या च पेक्षा वेगळा आहे, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. जर्मन 'त्साइट' म्हणजे वेळ, 'त्सान' म्हणजे दात, 'त्स्वीबल' म्हणजे कांदा, यांची सुरुवात त्या चाकातल्या च ने होते. कठीण जातात ते दोन-तीन आवाज. एक, ओठ ऊ म्हणायला गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं. हा आवाज नीट आला नाही तर 'क्यूशं' म्हणजे स्वयंपाकघर आणि 'कूखन' म्हणजे केक यांत घोटाळा होतो. दुसरा, 'इश' म्हणजे मी, यातला शेवटचा आवाज. मी लिहिताना श लिहिते, पण तो श नव्हे. जीभ य म्हणायला ठेवायची आणि तिथून नुसता ह फुंकायचा. हे लिहून कळत नाही, ऐकूनच कळतं. वीस वेळा ऐका, वीस वेळा म्हणा, मग मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी लावून बघा.

तिकडे वयस्कर माणसांची काळजी घेण्याचं काम खूप आहे. आपण माया म्हणून कुणालाही आजी म्हणतो. तिथे वृद्धाश्रमातल्या बाईला आजी म्हटलेलं बरेचदा अपमानाचं वाटतं. 'फ्राउ' म्हणून पुढे आडनाव आणि 'ज़ी' म्हणजे तुम्ही. 'हाबन ज़ी श्मेर्त्सन?' तुम्हाला दुखतंय का? हे वाक्य माझ्या मते पहिल्या महिन्यातच तोंडात बसायला हवं, पर्यटकांच्या स्टेशन-हॉटेलच्या वाक्यांआधी.

ऑडिओने काय होत नाही, तेही सांगते. ती बाई तुमची चूक दाखवत नाही. परीक्षेत वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात, आणि लिहायला कान पुरत नाही. ए-वन, फार तर ए-टूपर्यंत कानाच्या जोरावर बोलणं येईल, पुढे शिक्षक लागतोच. मात्र गोएथेची परीक्षा त्यांच्या क्लासला न जाताही देता येते. बी-वन आणि बी-टूला एक भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो. एजंट 'सगळं पॅकेज' म्हणून पैसे मागतो तेव्हा हे विचारा. केरळमध्ये तिथल्या सरकारच्या नोर्का रूट्स संस्थेबरोबर 2021 पासून 'ट्रिपल विन' नावाची योजना आहे, त्यात भाषेच्या शिक्षणाचा खर्च परिचारिकेवर टाकत नाहीत. म्हणजे मुलीच्याच घरून पैसे काढणं हा काही निसर्गनियम नाही.

घरातली खरी अडचण वेगळीच असते. मुलगी मोठ्याने बोलायला लागली की भाऊ हसतो, शेजारीण विचारते हिला काय झालं, सासर असेल तर विचारूच नका. मग मुलगी आवाज गिळते आणि नुसती ऐकत बसते. आमच्या त्या ताईंनी यावर उपाय काढला. मुलगी शेंगा फोडताना धडा लावते आणि ताई समोर बसतात. बाई गप्प झाली की ताई मुलीकडे बघतात. मुलगी बोलली नाही तर म्हणतात, "तिला उत्तर दे की!" ताईंना जर्मन येत नाही. पण मोठ्याने बोललं की नाही, एवढं त्यांना कळतं. नव्वद दिवसांत सहा खाडे झाले, दोन लाइट नसल्याने आणि चार भाताच्या कापणीत. गटाने ते खाडे धरले नाहीत. मुलगी आता ए-टूच्या क्लासला जाते आणि पहिल्या टप्प्याचा हप्ता चालू झालाय. पुढे व्हिसा, नोकरी यांचं काय होईल ते होईल, बी-टू अजून दीड-दोन वर्षं लांब आहे.

तुमच्या घरी कुणाला सुरू करायचं असेल तर एका महिन्याचे धडे वायफाय असेल तिथे एकदाच उतरवून घ्या, रेंजची वाट बघत बसू नका. रोज अर्धा तास, एकाच वेळी. अर्धा धडा नवा, बाकी मागचा. भांडी घासताना नको, पाण्याच्या आवाजात शेवटची अक्षरं ऐकू येत नाहीत. निवडणं, सोलणं, शिवण चालेल. आणि पहिल्या दिवशी शिकायची वाक्यं ही: 'लांगज़ाम, बिटे', जरा हळू बोला. 'नोख आइनमाल, बिटे', परत एकदा सांगा. 'इश फेरश्टेहं निश्त', मला समजलं नाही. म्हणा बघू मोठ्याने.