दोन पाण्यांमधले गाव



आज आम्ही आपल्यापुढे एक जुना कागद उलगडणार आहोत. एक इंचास एक मैल या प्रमाणाचा, भारतीय सर्वेक्षण खात्याचा, मालवणच्या किनाऱ्याचा हा नकाशा. त्यावर जिल्हा रत्नागिरी असे छापले आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निराळा झाला, एवढ्यावरून कागदाचे वय ध्यानात यावे.

कर्ली नदीच्या काठाने बोट फिरवीत समुद्राकडे चला. किनारा जवळ येताच नदी दक्षिणेकडे वळते आणि तिच्या नि समुद्राच्या मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी उरते. तीच देवबाग. चढ दाखविणाऱ्या तपकिरी रेषा पन्नास पन्नास फुटांवर काढल्या आहेत; त्यांतली एकही या पट्टीला शिवत नाही. सारे गाव पहिल्या रेषेच्याही खाली आहे. नकाशाने एक अक्षरही न लिहिता सांगितलेली ही गोष्ट आहे.

आता वाद असा. गावकरी म्हणतो, समुद्राने आमचे माड नेले. शहरातला शहाणा म्हणतो, समुद्राने आपलेच परत घेतले. दोघेही साक्षीला हाच कागद काढतात! पण हा साक्षीदार एका हंगामाचाच आहे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, उघाडीत बरीचशी परत आणतात. पाठीमागून नदीचा पूर मुखाशी रेती हलवीत असतो. किनारा रेघ काढून बसत नाही, तेव्हा एका नकाशावरून निवाडा करणे अन्यायाचे होय.

मग हा कागद निरुपयोगी का? मुळीच नाही. समासात मोजणीचे वर्ष छापलेले असते. अशी चार वर्षांची चार पाने एकावर एक ठेवली, म्हणजे किनारा कोठे सरकला आणि कोठे टिकला, ते दिसू लागते. दगडी बंधारा घालण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे. कारण एकाच्या अंगणापुढे अडलेली वाळू शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत पोचत नाही, आणि त्याचे माड जातात.

म्हणून विनंती एवढीच, की घरच्या पेटीत, शाळेच्या कपाटात असा नकाशा असेल तर तो रद्दीत घालू नका. कोणाचे घर कोणत्या भरवशावर उभे आहे, ते ठरविताना तो लागणार आहे.